आईच्या चारोळ्या आणि नवी सोसायटी, ओळखी कशा होतील?

वाकडची_लेक:
बाबा गेल्यावर आईला साताऱ्याहून माझ्याकडे वाकडला आणलं, आठ महिने झाले. दहावा मजला, समोरचे सकाळी आठला जातात ते रात्रीच येतात, आई दिवसभर एकटी. भिशीत वगैरे ती रमत नाही. पण वहीत चारोळ्या लिहिते, रोज एक तरी, कोणाला दाखवत मात्र नाही. त्यातूनच तिची चार माणसांशी ओळख होईल असं काही सुचतंय का?

जात्यावरची_ओवी:
माझी आजी मुळशीची. ती सांगायची, जात्याला दोघी समोरासमोर बसायच्या, एकीने ओळ धरली की दुसरी पुढची जोडायची, आणि सासरी जे तोंडाने बोलायची सोय नव्हती ते सगळं ओवीत यायचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात, 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवर ऐकायलाही मिळतात, काकूंना नक्की ऐकवा. आणि एक, चारोळी पूर्ण दाखवली की लोक "वा छान" म्हणतात आणि जातात. अर्धीच ठेवा.

हायकूवेडा_औंध:
अर्धीच ठेवा, हे शंभर टक्के. जपानमधे हायकू आलाय तोच असा. रेंगा म्हणून साखळी-कविता असते, एकाने ५-७-५ अक्षरांच्या तीन ओळी म्हणायच्या, दुसऱ्याने ७-७ अक्षरांच्या दोन जोडायच्या, त्यातली पहिली कडी पुढे सुटी झाली तो हायकू. मराठीत तो शिरीष पैंनी रुजवला. आम्ही कोजागरीला गच्चीवर दूध आटेपर्यंत हा खेळ खेळलो, पार्किंगवरून दोन वर्षं अबोला धरलेले दोघं एकमेकांच्या ओळी पुढे नेत होते, मी स्वतः बघितलंय. फक्त अक्षरं मोजायला बसू नका, लोक बुजतात.

वाकडची_लेक:
केलं! नोटीस बोर्डवर पाणीकपातीच्या कागदाखाली आईच्या दोन ओळी लावल्या, तिच्याच अक्षरात, खाली जागा सोडून, दोऱ्याने पेन बांधून.

दहाव्या मजल्यावर वारा
बेल न वाजवता येतो

तीन दिवस कोरं. आई म्हणाली काढून टाक. आज सकाळी खाली निळ्या शाईत, थरथरत्या अक्षरात,

सातव्यावर उतरताना
तुमच्या फोडणीचा वास देतो

सातव्या मजल्यावरच्या आजी आहेत, मी लिफ्टमधे रोज नुसती मान हलवायचे त्यांना. संध्याकाळी येतायत, आईने आत्ताच पोहे भिजवलेत, अजून चारच वाजलेत.