पाटीवर ४३३, मीटरवर ४१५, चुकतंय कोण?

नवा_सुपरवायझर:
बेसिक प्रश्न आहे, हसू नका. आमच्या १०० केव्हीए ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर ११०००/४३३ व्होल्ट लिहिलंय आणि पुस्तकात मी कायम ४१५ वाचलेलं. दुपारी मशिनं चालू असताना फेज-न्यूट्रल २४० येतं (म्हणजे फेज-फेज ४१५), रात्री सगळं बंद झालं की तेच २५०. टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायचा स्विच) फिरवून बघू का?

जुना_वायरमन:
आधी टॅपवरचा हात काढा 😄 ते ४३३ नो-लोडचं आहे, म्हणजे एचटीला (जास्त व्होल्टेजची बाजू) बरोबर ११००० आणि एलटीला (कमी व्होल्टेजची बाजू) काहीच जोडलेलं नाही तेव्हाचं. फेज-न्यूट्रल काढायला ४३३ भागिले १.७३२ करा, २५० येतं, तुमचं रात्रीचं रीडिंग तेच. लोड आला की वाइंडिंगच्या आतच थोडं व्होल्टेज पडतं, फुल लोडला पीएफ (पॉवर फॅक्टर) ०.८ च्या आसपास असेल तर ३-४ टक्के सहज जातात आणि हातात ४१५-४२० उरतात, म्हणून तर आधीच थोडं चढं ठेवून बनवतात. ट्रान्सफॉर्मर एकदम ठणठणीत आहे तुमचा.

नवा_सुपरवायझर:
ओके, पटलं. मग टॅप कशासाठी?

जुना_वायरमन:
एचटीच कमी येत असेल तर. समजा कायम १०४५० च येतंय, तर टॅप १०४५० वर घ्यायचा, एलटीला परत ४३३. लोक इथेच फसतात, व्होल्टेज वाढवायचं म्हणून मोठा आकडा निवडतात. ११००० येत असताना टॅप ११२७५ वर नेलात तर ४३३ चे ४२२ होतील, कारण एचटी वाइंडिंगचे टर्न (वेढे) वाढले. टॅप नंबरवर जाऊ नका, पाटीवरचं टेबल बघा. आणि हा ऑफ-सर्किट टॅप असतो, चालू ट्रान्सफॉर्मरवर चुकूनही फिरवायचा नाही, आत आर्क होतो. दोन्ही बाजू तोडून, अर्थ करून मगच.

टेस्टिंगवाला:
एक जोडतो. ११००० ला ४३३ ने भागून २५.४ येतं म्हणून टर्न रेशो तोच असं समजू नका. एचटीचं वाइंडिंग डेल्टात जोडलेलं, एलटीचं स्टारमध्ये (पाटीवर या जोडणीचा कोड डीवायएन ११ असेल), त्यामुळे एका फेजला ११००० समोर २५० आणि रेशो ४४. मी नवीन असताना रेशो मीटरवर ४४ बघून वाइंडिंगच गेलं म्हणून बोंब मारली होती, सगळे हसले.

नवा_सुपरवायझर:
पाटी पुसून टेबल बघितलं, टॅप ११००० वरच आहे. राहू दे तिथेच.