मदत हवी आहे: मालवणीतला ‘ईं’ मोजायचा कसा?

वेंगुर्ल्यातल्या मालवणी बायकांचे आवाज ध्वनिमुद्रित केलेत (वेव्ह, ४४.१ किलोहर्ट्झ, माइक १५ सेंमीवर, पंखा बंद). मऊ टाळू खाली येऊन आवाज नाकात किती घुमतो, ते प्राटमध्ये (आवाजाचं विश्लेषण करायचं सॉफ्टवेअर) मोजायचंय. ‘खंय’ (कुठे), ‘थंय’ला (तिथे) ए१-पी० चालतं (पहिल्या फॉरमंटची, म्हणजे तोंडातल्या घुमण्याच्या पहिल्या शिखराची, तीव्रता वजा नाकाच्या शिखराची), अनुनासिकात आकडा नीट उतरतो. ‘ईं’ला मात्र फसतं: पहिला फॉरमंट ३०० हर्ट्झच्या आसपास, नाकाचं शिखर २५०जवळ, बायकांचा मूळ सूर २१०. फॉरमंट आणि नाकाचं शिखर दोन्ही पहिल्याच हार्मोनिकवर, म्हणजे मूळ सुरावरच, बसतात! कमाल फॉरमंट ५५०० ठेवला, विश्लेषणाची खिडकीही वाढवली, उपयोग नाही. नाकाखाली आरसा धरून हवा येते एवढंच कळतं, आकडा नाही. हवा मोजणारा मुखवटा मिळणार नाही. मग ‘ईं’साठी ए१-पी१ (पी१ म्हणजे नाकाचं ९५० हर्ट्झजवळचं शिखर) भरवशाचं धरावं, की खालच्या सुरात पुन्हा बोलवून घ्यावं?