रोझी ठीक, पण रूबीही बघा

अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेलची 'रोझी द रिव्हेटर' (रिव्हेट ठोकणारी रोझी) म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या कारखान्यातल्या बाईचं खरंखुरं चित्र, असं कुणीतरी लिहिलंय ते पटलं नाही. चित्र झकासच आहे. पण त्याला मॉडेल म्हणून बसलेली मुलगी टेलिफोन ऑपरेटर होती आणि पोझ मायकेलअँजेलोने रंगवलेल्या बायबलमधल्या यशया प्रेषिताची! त्याच १९४३ साली इंग्लंडच्या रॉयल अकॅडमीत चित्रकार लॉरा नाइटचं 'रूबी लॉफ्टस' हे चित्र लागलं होतं. ही रूबी खरोखरची कामगार, वय २१, आधी लंडनमध्ये तंबाखूच्या दुकानात कामाला. नाइटबाईंनी वेल्समधल्या न्यूपोर्टच्या सरकारी तोफ कारखान्यात जाऊन तिला रंगवलं. रूबी लेथवर (धातू फिरवत कापायचं यंत्र) बोफोर्स तोफेच्या (हो, तीच स्वीडिश कंपनी) ब्रीच-रिंगला, म्हणजे तोफेच्या मागच्या टोकाच्या कड्याला, आटे पाडतेय. या कामाला आठ-नऊ वर्षांची उमेदवारी लागते असं तेव्हा धरत.

मी डिप्लोमाला असताना लेथवर आटे पाडलेत, म्हणजे आधी चार जॉब (लेथवर घडवायचे तुकडे) वाया घालवून मग पाडलेत. त्यामुळे मला या चित्रात सगळ्यात आवडते ती तिची मान. केस जाळीत बांधलेले, नजर खाली कामावर. बघणाऱ्याकडे ती ढुंकूनही पाहत नाही. लेथवर तसंच उभं राहावं लागतं, लक्ष हललं की जॉब गेला. रोझीसारखे दंड दाखवायला सवड कुठली! मागे इतर मशिनांवरही बायाच दिसतात, त्या बघायला विसरू नका. मूळ चित्र लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे.