रमाबाईंवर टीका करा, पण पूर्ण वाचून

नगरकर :
‘पंडिता रमाबाईंना समाजसुधारक म्हणणे आता थांबवावे, दुष्काळात उपाशी मुलींना भाकरी दाखवून बाटवणे म्हणजे सुधारणा नव्हे,’ असा लेख परवा इथे आला आणि त्याखाली ‘अगदी बरोबर’ची रांग लागली. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला ख्रिस्ती झाल्या आणि शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा त्यांनी मुंबईत काढली ती ११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे बाई ख्रिस्ती आहेत हे ठाऊक असूनच लोकांनी आपल्या विधवा लेकीसुना तिथे पाठवल्या. सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. त्यांना कोणी बाटवले? शिवाय ज्यांना लेखकाने ‘गोऱ्यांच्या हस्तक’ म्हटले आहे, त्यांनीच १८९७च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी व्यवस्थेत बायकांचे काय होते ते वर्तमानपत्रात उघड लिहून सरकारचा रोष ओढवून घेतला होता.

सदाशिवपेठी :
तो लेख माझाच असल्यामुळे उत्तर देणे भाग आहे. एका गोदूबाईंना पुढे करून १८९३ झाकता येत नाही. त्या वर्षी सदनाशी असलेला संबंध तोडला तो केवळ केसरीच्या गोटाने नव्हे, तर सल्लागार मंडळातल्या रानडे आणि भांडारकर यांनी, म्हणजे रमाबाईंच्या पाठीराख्यांनी. सदन धर्माबाबत तटस्थ राहील, या शब्दावर ही मंडळी त्यांच्यामागे उभी होती. स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी दार उघडे ठेवायचे आणि ‘मुली आपणहून येतात’ असे म्हणायचे, ही मला तटस्थता वाटत नाही. जिला जायला दुसरे घरच नाही तिची स्वेच्छा ती काय असणार? पण ख्रिस्ती पुढाऱ्याविषयी एवढे विचारले की तो द्वेष ठरतो, आणि लोकमान्यांविषयी विचारले की संशोधन.

मुक्तीची पणती :
माझी पणजी रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती सदनात वाढली. दुष्काळात आईबाप गेले होते आणि तिला स्वतःचे वयही सांगता येत नव्हते. तिथल्या छापखान्यात ती खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवायला शिकली. म्हातारपणी तांदूळ निवडतानासुद्धा ती खडे, कणी आणि अख्खे दाणे यांच्या वेगवेगळ्या रांगा परातीत लावत असे, असे माझे वडील सांगत. ‘तुला बाटवले का गं?’ असे त्यांनी लहानपणी एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली होती, ‘आधी मेलेच असते, मग बाटवायला उरलं असतं कोण?’

सदाशिवपेठी :
ताई, आपल्या पणजींविषयी आदर आहे. पण जीव वाचवणाऱ्याला धर्म ठरवण्याचा अधिकार मिळतो का, हा माझा प्रश्न तसाच राहतो.

शुद्धलेखनवाला :
छापखान्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो की माझी तक्रार निराळी आहे. जिला कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हटले, तिने हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर केले आणि त्यातून चांगले रुळलेले संस्कृत शब्द वेचून बाहेर काढले, कारण म्हणे त्यांना हिंदू विचारांचा वास येतो! तिकडे नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तावर अभंग रचले आणि वारकऱ्यांची भाषा देवळासकट ख्रिस्ती घरात नेली.

मुक्तीची पणती :
टिळक कवी होते, त्यांनी गाण्यासाठी लिहिले. रमाबाईंच्या डोळ्यांसमोर होत्या नुकतीच बाराखडी शिकलेल्या बायका. ‘अनुग्रह’सारखा संस्कृत शब्द वाचून माझ्या पणजीला काय कळले असते?

शुद्धलेखनवाला :
मग ते भाषांतर आज किती चर्चमध्ये वाचले जाते, तेही सांगा.

मुक्तीची पणती :
फारसे नाही, हे कबूल. आमच्याकडेही बायबल सोसायटीचेच वाचतात. पण त्याचा राग काढायचा तर तो आमच्याच लोकांवर काढते. वर्षातून एकदा रमाबाईंच्या तसबिरीला हार घालायचा आणि त्या इंग्लंडमधल्या सिस्टरांशी आणि बिशपांशी कशा भांडल्या हे मात्र व्यासपीठावरून सांगायचे नाही. मी एकदा ते भाषणात घेतले, तर ‘प्रसंग पाहून बोलावे’ म्हणून मलाच बसवले. आणि शुद्धलेखनवाले, ‘ख्रिस्ती असून तुमचे मराठी किती छान’ हे वाक्य मी जितक्यांदा ऐकले आहे, तितक्यांदा तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले नसतील!

नगरकर :
मी धागा कशासाठी काढला आणि चालले आहे काय! सदाशिवपेठी, १८९३चा मुद्दा मी मान्य करतो. तटस्थतेचा शब्द बाईंनी दिला होता आणि तो पाळणे त्यांच्या स्वभावाला झेपणारे नव्हते. पण ‘भाकरी दाखवून’ हे तुम्ही कोणत्या पुराव्यावर लिहिले?

सदाशिवपेठी :
पुरावा नाही. माझ्या आजीच्या आत्याला सदनात पाठवायचे ठरत होते, पण ‘मुलगी बाटेल’ म्हणून घरच्यांनी पाठवले नाही आणि ती जन्मभर माजघरात वाती वळत बसली. आमच्या घरात हा निर्णय शहाणपणाचा म्हणून सांगितला जाई, त्या सुरात मी लिहून गेलो. ते दोन शब्द काढतो. बाकीचा लेख तसाच राहील. नगरकरांना आनंद झाला असेल तर पेढे वाटावेत.

मुक्तीची पणती :
त्या आत्यांचे नाव काय होते?

सदाशिवपेठी :
सगळे तिला आत्याच म्हणत. विचारून सांगतो.