क्यूस्वीटचं दार की सिंगापूरची २८ इंची सीट?

खिडकीपाशी:
आईबाबांना मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला बिझनेस क्लासनं आणायचंय, पैसे साठवून एकदाच होणारा खर्च आहे. दोन ऑप्शन उरलेत, दोहामार्गे कतार एअरवेज नाहीतर सिंगापूर एअरलाइन्स. घरात सगळ्यांचं एकच, कतारच घे, क्यूस्वीट आहे (त्यांची बिझनेसमधली बंद करता येणारी सीट), दार आहे. मी दोन्हीतून गेलोय आणि माझं मत ठाम सिंगापूर.

२०१७ ला क्यूस्वीट आलं तेव्हा बिझनेसमध्ये सरकतं दार म्हणजे मोठीच गोष्ट होती, मान्य. पण दार लावून आत बसायचं ते २१.५ इंचाच्या सीटवर. सिंगापूरच्या लांब पल्ल्याच्या ए३५० विमानात सीट २८ इंच रुंद आहे, म्हणजे आरामात मांडी घालून बसता येतं. माझी आई पाय खाली सोडून पंधरा तास बसूच शकत नाही, घरी सोफ्यावरही ती मांडीच घालते. तिला दाराचं काय करायचंय? शिवाय सिंगापूरच्या बुक द कुक सोयीतून जेवण आधीच निवडून ठेवता येतं.

दोहा_व्हाया:
साफ असहमत. बसायचं सांगितलंत, झोपायचं कोण सांगणार? सिंगापूरची ती सीट १३२ अंशांपर्यंतच मागे जाते. सपाट करायची तर उठून उभं राहायचं, मग पाठ पुढे पाडून तिच्या मागच्या बाजूवर अंथरूण घालतात. मध्यरात्री तासभर बसावंसं वाटलं की परत तेच सगळं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे किती वेळा करायला लावणार? आणि पाय ठेवायची जागा कोपऱ्यात, त्यामुळे तिरकं झोपायचं. क्यूस्वीटमध्ये बटण दाबलं की आहे तिथेच आडवं होता येतं. मधल्या ई आणि एफ सीटमधलं पार्टिशन खाली केलं की चक्क डबल बेड होतो, आईबाबांसाठी याहून चांगलं काय?

ठाणेकर_७७७:
दोघांचंही अर्धंच बरोबर. ई-एफ उलट्या तोंडाच्या असतात हो, टेकऑफला पाठ पुढे. काहींना काहीच होत नाही, काहींना मळमळतं. आणि तिकिटावर कतार लिहिलंय म्हणून क्यूस्वीट मिळतंच असं नाही, त्यांच्या ए३८० आणि ७८७-८ मध्ये ते नाहीये, सीट मॅप उघडून बघा.
सिंगापूरच्या पायांच्या कोपऱ्यावर उपाय आहे, ११ किंवा १९ नंबरची रांग घ्या. तिथे पुढे भिंत असल्यामुळे पाय ठेवायला पूर्ण रुंदीचा बाक मिळतो, सरळ झोपता येतं. फक्त बाळांचे पाळणेही तिथेच लावतात, त्यामुळे त्या सीट लवकर जातात.

रात्रीची_फ्लाइट:
दाराचं काय करायचंय हा प्रश्न मला फार लागला. मी कामासाठी एकटी फिरते. एकदा दुसऱ्याच एका कंपनीच्या विमानात, नाव नको, पलीकडच्या सीटवरचा माणूस रात्रभर टक लावून बघत होता, मी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून जागी राहिले आणि सकाळी तशीच मीटिंगला गेले. बाळ लहान होतं तेव्हा पंप करायला टॉयलेटमध्ये जावं लागायचं, ते वेगळंच. क्यूस्वीटमध्ये पहिल्यांदा दार लावून मी सलग सहा तास झोपले. त्या झोपेपुढे सहा इंच रुंदी मला नको. बाईनं एकटीनं जायचं असेल तर मी दारच सांगेन, दहा वेळा विचारलंत तरी.

खिडकीपाशी:
@रात्रीची_फ्लाइट, तुमचं शंभर टक्के पटलं, ते वाक्य मी फक्त आईला डोळ्यासमोर ठेवून लिहिलं होतं, तरी तसं लिहायला नको होतं. बायको एकटी येईल तेव्हा कतारच.

@दोहा_व्हाया, गुडघ्याचा मुद्दा मी खरंच धरला नव्हता. काल फोनवर दोघांना विचारलं. बाबा म्हणाले मला काही नको, ही शेजारी दिसली पाहिजे. त्यावरून ई-एफ जवळजवळ ठरलंच होतं, पण आई ट्रेनमध्येसुद्धा उलट्या दिशेच्या सीटवर बसत नाही, पुण्याला जाताना घाटात तिला हमखास उलटी होते. सोळा तासांच्या फ्लाइटला ती रिस्क मी घेणार नाही. म्हणून सिंगापूरच, एकदाच अंथरूण घालून घेऊ, मग उठवायचंच नाही. आज रात्री ११ नंबरच्या मधल्या दोन मिळतायत का बघतो.

दोहा_व्हाया:
११ नसेल तर १९ बघा, पण मधल्याच घ्या. बाबांचं ऐका.