फ्रिक्वेन्सी बदलली म्हणजे ताबा गेला असं नाही

वरच्या प्रतिसादात म्हटलंय की पायलटने रेडिओ फ्रिक्वेन्सी बदलली की विमान पुढच्या कंट्रोलरचं (जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्याचं) झालं. अर्धंच बरोबर आहे. आपल्या सोलापूरकडून जाणारं मुंबई-हैदराबाद विमान घ्या. ते मुंबईच्या हवाई नियंत्रण क्षेत्रातून चेन्नईच्या क्षेत्रात जातं (हो, हैदराबाद त्यातच येतं). हद्दीवर पोचायची वेळ, उंची, ट्रान्सपाँडर कोड (रडारवर विमान ओळखायचा आकडा) हे सगळं पुढच्या केंद्राला संगणकाने किंवा फोनवर आधीच कळवलेलं असतं. पायलटचं नव्या कंट्रोलरशी बोलणं बहुतेकदा हद्दीच्या अलीकडेच सुरू होतं, ताबा मात्र सहसा हद्दीवर बदलतो. तोवर नव्या कंट्रोलरला विमान वळवायचं असेल तर आधीच्याची संमती लागते.

आणि ‘आता संगणक निरोप देतो, फोन कशाला?’ असं विचारणाऱ्या दादांनी जर्मनीतल्या युबरलिंगेनचा २००२ चा, हवेत दोन विमानं धडकल्याचा अपघात वाचावा. त्या विमानांचा ताबा असलेल्या झुरिच केंद्राची मुख्य फोनव्यवस्था देखभालीसाठी बंद होती. दोन्ही विमानं एकमेकांच्या वाटेत येताना शेजारच्या कार्ल्सरूह केंद्राला दिसत होती, पण झुरिचला फोन लागेना. ७१ जण गेले. कारणं इतरही होती, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.