मदत हवी आहे: शेलीच्या अनुवादातला एक शब्द

मंडळी, कोणाला लॅटिन येतं का? रोमन कवी व्हर्जिलच्या दहाव्या एक्लॉगच्या (मेंढपाळांच्या जगातली कविता) पहिल्या २६ ओळींचा इंग्रज कवी शेलीने इंग्रजीत अनुवाद केलाय, व्हर्जिलचा कवीमित्र गॅलस प्रेमात झुरतोय आणि डोंगर त्याच्यासाठी रडतायत, इतकं सुंदर उतरलंय की रोज वाचते. पण आठव्या ओळीपाशी अडलेय. मूळात 'सुर्दिस' आहे, म्हणजे आपण बहिऱ्यांसाठी गात नाही, रानं प्रतिसाद देतात, आणि माझ्या प्रतीत इंग्रजीत मात्र 'डेड' छापलंय, मेलेल्यांसाठी! 'डेफ'चं 'डेड' ही छपाईची चूक की शेलीनेच बदललं? त्याचं हस्तलिखित कोणी पाहिलंय का? मराठीत करतेय, 'बहिरे' लिहू की 'मृत' यावर आठवडाभर अडलेय. इंग्रज चित्रकार सॅम्युएल पामरचा १८८३चा एक्लॉग्जचा अनुवाद कोणाकडे असेल तर त्यात ही ओळ कशी आहे तेवढं प्लीज सांगा.